कस्तीचा माग : संजाण–डहाणू किनाऱ्यावरील एका हातविणीचा इतिहास

उत्तर कोकणच्या वस्त्रोद्योगाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बहुधा ठाण्यापासून आरंभ करतात, आणि ते स्वाभाविकच आहे. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या कापडाची व कापसाची नोंद केली. पुढे पोर्तुगीज अमदानीत साष्टी बेटाच्या या टोकावर रेशमाचे माग चालत होते. चौलची रेशमी वस्त्रे दूरवर जात होती. हे सर्व माग बाजारासाठी होते, आणि बाजार फिरला तेव्हा ते बंद पडले. परंतु याच किनाऱ्याच्या उत्तर टोकास, डहाणू, तलासरी, संजाण आणि उदवाडे या पट्ट्यात, हातविणीची एक निराळी परंपरा शतकानुशतके चालत आली आहे. तिचे कापड कधी गलबतात चढले नाही, तिच्यावर जकात बसली नाही, आणि म्हणूनच व्यापाराच्या दप्तरात तिचा मागमूस लागत नाही. ही परंपरा पारशी समाजातील कस्तीच्या विणीची होय.

कस्ती म्हणजे जरथुष्ट्री धर्मानुयायी नवजोतीच्या संस्कारापासून आमरण कमरेस बांधतात ती लोकरीची मेखला. तिच्याविषयी धर्मशास्त्राच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे; शम्स-उल-उलेमा जीवनजी जमशेदजी मोदी यांच्या पारशी धर्मविधींवरील १९२२ मधील ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन सापडते. परंतु या लेखनात कस्ती बांधणारा दिसतो, तिच्यावर मंत्र म्हणणारा मोबेद दिसतो. ती विणणारी स्त्री मात्र एखाद्या वाक्यापुरती येते आणि जाते. प्रस्तुत लेखाचा विषय ही विणकरीण आहे. तिचे नाव कोणत्याही ताम्रपटात नाही. तिचा इतिहास तिच्या कामाच्या घडणीतून व तिच्या कामाच्या शब्दांतूनच काढावा लागतो.

प्रथम प्रदेशाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आज संजाण आणि उदवाडे गुजरातेत व डहाणू–तलासरी महाराष्ट्रात असल्यामुळे हा विषय आपल्या विद्यापीठांतून 'पलीकडचा' मानला जातो. ही समजूत फार अलीकडची आहे. संजाण ज्या उंबरगाव तालुक्यात मोडते तो तालुका १९६० च्या राज्यविभाजनापर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्या वर्षी त्याचा किनाऱ्याकडील भाग गुजरातेत गेला आणि उरलेल्या गावांतून पुढे तलासरी हा वेगळा विभाग झाला. २०१४ मध्ये पालघर जिल्हा निर्माण झाला तेव्हा डहाणू व तलासरी त्यात आले. म्हणजे तलासरी ही प्रशासनाच्या दृष्टीने संजाणच्याच तालुक्याची राहिलेली बाजू होय. त्याहून जुना पुरावा डहाणू तालुक्यातील चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांचा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील, शके ८४८ चा पट सांगतो की संयान मंडलाचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे होता. संयान म्हणजे संजाण. या बंदरात पश्चिम आशियातील लोकांचा किती राबता होता हे एवढ्यावरून कळते. २००२ ते २००४ या वर्षांत संजाण येथे झालेल्या उत्खननांत पश्चिम आशियाई बनावटीची भांडी व काच, तसेच एका जुन्या दोखम्याचे अवशेष निघाले, त्यामुळे या चित्रास भूमीचाही आधार मिळाला.

पारशांच्या आगमनाची कथा 'किस्सा-इ-संजान' या फारसी काव्यात आहे. नवसारीच्या बहमन कैकोबाद संजाणा याने ते १५९९ मध्ये रचले, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी. आगमनाचे वर्ष ७१६ की ९३६ हा वाद त्यामुळेच मिटलेला नाही, आणि आपल्या विषयास तो मिटण्याची वाटही पाहावी लागत नाही. जादी राण्याने निर्वासितांना घातलेल्या अटी मात्र लक्षात घेण्याजोग्या आहेत : देशभाषा स्वीकारावी, स्त्रियांनी देशी वेष घ्यावा, शस्त्रे ठेवून द्यावीत इत्यादी. या अटी अक्षरशः घातल्या गेल्या असोत वा मागाहून घडलेल्या गोष्टींना दिलेले ते कथारूप असो, परिणाम एकच झाला. भाषा गुजराती झाली, साडी आली. बाहेरून दिसणारे सर्व बदलले. अंगाला लागून असलेले दोन जिन्नस, सुद्रा आणि कस्ती, तेवढे बदलले नाहीत. त्यांपैकी सुद्रा साध्या पांढऱ्या सुती कापडाची असते. ते कापड कोणाच्याही मागावरचे चालते. कस्तीचे तसे नाही. ती बाजारातून आणता येत नव्हती. ती ज्या क्षणी विणता येणार नाही त्या क्षणी संस्कारच थांबला असता.

या दृष्टीने बहारोटच्या प्रसंगाकडे पाहावे. संजाणचा पाडाव झाल्यावर, परंपरेप्रमाणे, पारशांनी आपला पवित्र अग्नी बोर्डीनजीकच्या बहारोटच्या डोंगरातील गुहांत नेला व तेथे बारा वर्षे राखला. पुढे तो वांसद्यास, मग नवसारीस गेला आणि अनेक स्थित्यंतरांनंतर १७४२ मध्ये उदवाड्यास स्थिरावला. या कथेत इंधन कोठून आले, अग्नीची राखण कोणी केली याची चर्चा होते. परंतु कस्ती दिवसातून अनेक वेळा सोडून पुन्हा बांधावयाची असते : झोपेतून उठल्यावर, शौचविधीनंतर, प्रार्थनेपूर्वी. ती झिजते. बारा वर्षांत मुले मोठी होतात, त्यांच्या नवजोती येतात. तेव्हा त्या डोंगरावर अग्नीबरोबर लोकर, टकळी आणि मागही गेला असला पाहिजे, आणि तो चालविणारे हातही. हे अनुमान आहे, त्यास लिखित पुरावा नाही. पण समाज टिकला हे ज्यास मान्य आहे त्यास हे अनुमान टाळता येणार नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कस्तीसाठी मेंढीच्या कोकराची पांढरी लोकर घेतात. ती निवडून, विंचरून टकळीवर बारीक सूत काढतात आणि अशा दोन सुतांना पीळ देऊन एक धागा करतात. ही कताई हेच कामाचे सर्वांत कठीण अंग. लोकरीचा तंतू कापसाहून निराळा असतो. कापसाच्या सवयीने त्यास हात लावला तर तो तुटतो किंवा गाठाळतो, आणि एका धाग्याची जाडी कमीजास्त झाली तर पुढे साऱ्या पट्टीवर ती दिसते. धागा तयार झाला म्हणजे तो मागावर चढवितात. या मागास पारशी गुजरातीत 'जंतर' म्हणतात. तो लहान, लाकडी, उचलून कोठेही नेता येण्याजोगा असतो. घराच्या ओसरीवर किंवा खिडकीपाशी बसून त्यावर काम करता येते. एकच लांब धागा त्यावर फेऱ्या देत ताणतात, आणि अशा बहात्तर फेऱ्यांचे बहात्तर उभे धागे होतात. त्यांचे बारा-बारांचे सहा भाग कल्पिलेले असतात. आडवा धागा घालून व प्रत्येक वेळी ठोकून घट्ट करीत विणकरीण पुढे सरकते, आणि वीण सपाट फितीसारखी न उतरता आतून पोकळ अशा अरुंद नळीसारखी उतरते.

सर्व लांबी विणावयाची नसते. शेवटी काही भाग तसाच धाग्यांचा सोडून कस्ती मागावरून उतरवितात. या अवस्थेत ती एक बंद वेटोळे असते : बहुतेक विणलेली, थोडी न विणलेली, कोठेही टोक नसलेली. हे वेटोळे मोबेदाकडे जाते. तो प्रार्थना म्हणून न विणलेल्या भागावर ते कापतो. दोन टोके निर्माण होतात आणि वस्तू कस्ती होते. त्यानंतर ती पुन्हा स्त्रीकडे येते, आणि येथेच तिच्या हाताची खरी कसोटी असते. एका लांब सुईच्या साहाय्याने ती सारी पोकळ नळी आतून बाहेर उलटवावयाची असते. वीण सैल असेल तर आकार बिघडतो, घट्ट असेल तर सुई सरकत नाही. उलटविल्यावर दोन्ही टोकांच्या मोकळ्या धाग्यांचे चोवीस-चोवीसचे तीन भाग करून त्यांच्या वेण्या घालतात. त्यांना 'लर' म्हणतात. अशा एकूण सहा लरी होतात. मग कस्ती धुऊन, गंधकाची धुरी देऊन शुभ्र करतात व घडी करून ठेवतात.

या क्रमातील मोबेदाचा वाटा काही क्षणांचा आहे आणि विणकरणीचा काही आठवड्यांचा. तरी धर्मग्रंथांच्या भाष्यांत कस्ती 'घडते' ती कापण्याच्या क्षणी. संस्कारशास्त्राचे तर्क असेच असतात व त्याविषयी तक्रार करण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु इतिहासकाराने हे पाहिले पाहिजे की वस्तू दोनदा स्त्रीच्या हातून जाते, आणि कापलेली पण न उलटविलेली, लरी न घातलेली कस्ती कोणी बांधीत नाही.

संख्यांचा अर्थ सर्वश्रुत आहे. बहात्तर धागे म्हणजे यस्नाचे बहात्तर अध्याय, चोवीस म्हणजे विस्परदाचे चोवीस भाग, सहा लरी म्हणजे वर्षातील सहा गाहांबार. पोकळी म्हणजे इहलोक व परलोक यांमधील अवकाश, आणि उलटविणे म्हणजे आत्म्याचे एका लोकातून दुसऱ्यात जाणे. मोदींनी हे अर्थ नोंदविले आहेत. ते सुंदर आहेत यात शंका नाही. परंतु कामाच्या बाजूने पाहता एक गोष्ट सुचते. बहात्तर ही संख्या दोन, तीन, चार, सहा, बारा, चोवीस यांनी निःशेष भागली जाते. उभे धागे सम वाटणीत मांडणे, मोजणे आणि शेवटी तीन वेण्यांत विभागणे या तिन्ही कामांना तिच्याइतकी सोयीची संख्या क्वचितच सापडेल. ग्रंथाचा आकडा मागाने उचलला की मागाच्या आकड्यास ग्रंथाचा आधार मिळाला, हा प्रश्न निदान विचारला तरी पाहिजे. माझे मत असे की दोन्ही दीर्घकाळ एकमेकांजवळ राहिले व एकमेकांस दृढ करीत गेले. पाठ विसरू नये म्हणून धागे उपयोगी पडले, आणि धागे कमी करू नयेत म्हणून पाठ.

द्रव्याच्या बाबतीत परंपरा मानतात तितकी अचल नाही. 'शायस्त-ने-शायस्त' या पहलवी ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात रेशमाची कस्ती अयोग्य ठरविली आहे आणि बकऱ्याचे व उंटाचे केस योग्य मानले आहेत. उंट कोकणात नाही. कोकराच्या लोकरीवर भारतीय परंपरा स्थिर झाली. भारतातील पारशांबद्दल जे सोळा संस्कृत श्लोक परंपरेने प्रसिद्ध आहेत त्यांतही लोकरीच्या मेखलेचा उल्लेख आहे. मेंढरू काही डहाणूच्या दमट किनाऱ्याचे जनावर नव्हे. लोकर घाटावरून किंवा उत्तरेकडून आणावी लागणार. तेव्हा या घरगुती मागाच्या मागेही एक लहानसा व्यापार होता, आणि तो अद्याप कोणी तपासलेला दिसत नाही.

येथे आपल्या मौंजीबंधनाशी तुलना सहज सुचते, पण ती नेहमी अर्ध्यावर सोडली जाते. अवेस्तातील 'ऐव्याओङ्हन' आणि वैदिक 'मेखला' या एकाच प्राचीन आचाराच्या दोन शाखा मानण्यास आधार आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात मेखलेचे सूक्त आहे. आश्वलायन गृह्यसूत्र ब्राह्मणास मुंज गवताची, क्षत्रियास धनुष्याच्या दोरीची आणि वैश्यास लोकरीची मेखला सांगते. भारतीय शाखेत मेखला संस्कारापुरती उरली व नित्य धारणेचे स्थान यज्ञोपवीताने घेतले. आता जानवे आणि कस्ती यांच्या घडणीतील भेद पाहा. जानव्याचे सूत टकळीवर काततात, तिपदरी करतात, पीळ देतात, गाठ बांधतात. त्यास माग लागत नाही. म्हणून जानवे करणे हे पुरुषांच्या, भटजींच्याच हातचे काम राहू शकले. कस्तीस माग लागतो, पोकळ वीण लागते, उलटविणे लागते. हे काम ज्या हातांना दिवसाचे तास घराच्या उंबऱ्याच्या आत मिळत होते त्यांच्याकडे गेले. एका संस्काराच्या दोन शाखांत स्त्रीचे स्थान निराळे झाले ते केवळ तत्त्वज्ञानामुळे नव्हे, तर वस्तूच्या बांधणीमुळेही.

भारतात हे काम परंपरेने अथोरनान, म्हणजे धर्मगुरूंच्या घराण्यांतील स्त्रियांकडेच राहिले. बेहदीन, म्हणजे सामान्य अनुयायी, कस्ती त्यांच्याकडून घेत. विणकरणीने स्वतः कस्ती बांधलेली असावी, डोके झाकलेले असावे, विटाळाच्या दिवसांत मागास हात लावू नये, असे दंडक होते. दंडकांबरोबर हक्कही होता. नवसारी, उदवाडे यांसारख्या ठिकाणी मोबेदांची घरे पुष्कळ आणि यजमान ठरलेले. दक्षिणेच्या उत्पन्नावर घर चालणे कठीण. तेथे कस्तीचा पैसा स्त्रीच्या हाती येई, आणि विधवेच्या बाबतीत तर पुष्कळदा तोच आधार असे. ज्या काळात उच्च मानलेल्या घरातील स्त्रीने मोलाने काम करणे कमीपणाचे समजले जाई त्या काळात हे एकच काम असे होते की ज्यात मोल घेऊनही प्रतिष्ठा उणावत नव्हती. धर्माने तिला बांधले हे खरे. त्याच धर्माने तिला चार पैसे मिळविण्याची वाट ठेवली, हेही तितकेच खरे.

आता शब्दांकडे येऊ, कारण माझ्या अभ्यासाचे क्षेत्र ते आहे. 'कस्ती' किंवा 'कुस्ती' हा शब्द पहलवी 'कुस्तीग' वरून आला. त्याच्या मुळाशी 'कुस्त' म्हणजे बाजू, दिशा हा शब्द सांगतात. याच मेखलावाचक शब्दावरून, कमरपट्टा धरून झुंजण्यामुळे, फारसीत मल्लयुद्धास 'कुश्ती' म्हणू लागले अशी व्युत्पत्ती सामान्यतः स्वीकारली जाते. मराठीतील 'कुस्ती' ही त्या फारसी शब्दाचीच लेक. म्हणजे कोल्हापूरच्या तालमीतला शब्द आणि उदवाड्याच्या ओसरीवरचा शब्द हे दूरचे भाऊबंद ठरतात, जरी दोन्हीकडच्या माणसांना त्याची कल्पना नसते. 'सुद्रा' हा शब्द मराठी 'सदऱ्या'च्या जवळचा आहे. अरबीत 'सद्र' म्हणजे छाती. त्याची 'हितकर मार्ग' अशी जी फोड केली जाते ती भक्तीची आहे, व्युत्पत्तीची नव्हे.

खरी लक्षणीय गोष्ट निराळीच आहे. मंत्र अवेस्ता व पहलवी-पाझंदचे. वस्तूचे नाव इराणी. पण कामाची परिभाषा देशी. 'जंतर' हा उघडच संस्कृत 'यंत्र'. 'लर' ही मराठी 'लड'ची बहीण. 'वणवुं' आणि आपले 'विणणे' एकाच कुळातले. इराणहून निघताना विणकरणींनी आपल्या मागास, धाग्यास, वेणीस काही नावे दिलीच असतील. ती येथे टिकली नाहीत. प्रार्थनेचा शब्द बदलला तर प्रार्थना बिघडते, म्हणून तो राखला. कामाचा शब्द बदलला तरी काम तेच राहते, म्हणून तो शेजारणीच्या भाषेतून घेतला. पुरुषांच्या पाठशाळेत भाषा गोठली आणि स्त्रियांच्या मागावर ती वाहत राहिली. भाषाशास्त्रात ज्यास आपण 'भाषिक बेट' म्हणतो त्याचा किनारा नेमका कोठे असतो हे या उदाहरणावरून दिसते : चोहोबाजूंनी देशी भाषेने वेढलेले हे बेट मंत्राच्या जागी उंच व कोरडे आहे, मागाच्या जागी भरतीचे पाणी आतपर्यंत आलेले आहे.

डहाणू, घोलवड, बोर्डी येथे या बेटाशेजारी आणखी एक लहान बेट आहे. इराणातील यझद व करमान भागांतून एकोणिसाव्या शतकात व विसाव्याच्या आरंभी आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांनी, ज्यांना आपण इराणी म्हणतो, येथे चिकूच्या वाड्या वसविण्यात मोठा भाग घेतला. या घोलवडच्या चिकूस २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मानेकजी लिमजी हातरिया यांच्या खटपटीने १८८२ मध्ये इराणातील जरथुष्ट्रींवरील जिझिया रद्द झाला खरा, पण दारिद्र्य एकदम हटले नाही, आणि येणाऱ्यांचा ओघ चालू राहिला. त्यांच्या घरातील बोली दरी, पारशांची गुजराती, वाडीतील वारल्यांची वारली, कचेरीची मराठी. एवढ्या भाषांच्या गर्दीत दोन्ही जरथुष्ट्री शाखांना जोडणारी वस्तू एकच : ती बहात्तर धाग्यांची पट्टी, तीन वेढ्यांनी आणि पुढेमागे गाठी देऊन बांधलेली. इतिहासात दोघांचा संबंध हजार वर्षांत अनेकदा सुटला. १४७८ मध्ये नरिमान होशंग याने इराणहून पहिली 'रिवायत' आणली तेव्हा विधींविषयीच्या शंका पत्रांनी विचाराव्या लागल्या होत्या. शंका विचारावी लागे ती पाठाची व आचाराची. पोकळ वीण आणि उलटविण्याची रीत पत्राने शिकविता येत नाही. ती हाताखालीच शिकावी लागते.

सध्याची स्थिती आकड्यांत लवकर सांगता येते. जनगणनेनुसार भारतात २००१ मध्ये पारशी ६९,६०१ होते, २०११ मध्ये ५७,२६४. मोबेदीचा व्यवसाय प्रत्यक्ष करणारी घरे त्यांतली फारच थोडी, आणि त्या घरांतील मुली इतर समाजातील मुलींप्रमाणेच शिकून नोकऱ्या करतात. कस्तीचा मोबदला तिला लागणाऱ्या तासांच्या मानाने अल्प आहे. उदवाड्यास जाणारे यात्रेकरू आजही तेथून कस्ती घेऊन येतात, पण विणणाऱ्या बहुधा वयस्क आहेत. बेहदीन स्त्रियांनी हे काम शिकावे की नाही हा प्रश्न त्यामुळे पुढे येतो. परंपराभिमानी पक्ष म्हणतो की शुद्धीचे नियम पाळण्याची सवय अथोरनान घरातच असते. दुसरा पक्ष म्हणतो की विणणारीच उरली नाही तर नियम कशास लावणार. मला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक सबळ वाटते, आणि त्यासाठी शास्त्राधाराची गरज भासत नाही : ज्या परंपरेने उंटाच्या केसांऐवजी कोकराची लोकर स्वीकारली आणि मागाची सारी परिभाषा परक्या भाषेतून घेतली, ती माग कोणत्या घरात आहे यावर अडून बसावी याला इतिहासात आधार दिसत नाही.

आमच्यासारख्यांनी करावयाचे काम त्याहून लहान आहे. या विणकरणींच्या तोंडची परिभाषा, म्हणजे टकळीच्या भागांची नावे, धागा तुटला असता, पीळ उलटा बसला असता, सुई अडली असता वापरावयाची क्रियापदे, कोणत्याही गुजराती वा मराठी कोशात एकत्र नोंदलेली नाही. मोदींच्या ग्रंथात विधीचे शब्द आहेत, कामाचे फार थोडे. ती गोळा करावयाची तर नवसारी व उदवाड्याच्या ओसऱ्यांवर जाऊन, माग चालू असताना, बसावे लागेल. कारण या शब्दांतले बहुतेक शब्द हात थांबला की आठवत नाहीत.